कोकणातल्या चढांसाठी स्कूटरचा ड्राइव्ह बेल्ट : कंपनीचा घ्यावा की बाहेरचा?

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांच्या किनारपट्टीवर बिनगिअरची स्कूटर आता घरोघरी दिसते. मासळीचा बर्फ घातलेला डबा, आंब्याची पेटी, गॅसचा सिलिंडर आणि गणपतीला आलेला चाकरमानी या सगळ्यांना सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, खाली वाडीत आणि वाडीतून पुन्हा सड्यावर नेण्याचे काम तीच करते. या गाडीला साखळी नसते. इंजिनाची ताकद मागच्या चाकापर्यंत नेणारी वस्तू म्हणजे रबराचा एक बेल्ट, आणि तो कधी ना कधी बदलावा लागतो. तेव्हा गॅरेजमध्ये एकच प्रश्न विचारला जातो : कंपनीचा टाकू की बाहेरचा? हा प्रश्न ज्यांच्यासमोर प्रथमच येत आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

माझे मत आधीच सांगतो. पहिल्यांदा बेल्ट बदलणाऱ्याने कंपनीच्या पाकिटातलाच बेल्ट घ्यावा. मात्र बाहेरचा प्रत्येक बेल्ट वाईट असतो असा याचा अर्थ नाही. तो बेल्ट कोणी बनवला हे सांगता येते की नाही आणि तो आपल्या गाडीच्या नंबराचा आहे की नाही, या दोन गोष्टी पाकिटावरील नावाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. त्या तपासायला शिकलेल्या माणसाला पुढच्या वेळी निवड मोकळी राहते.

बेल्ट नेमके काय करतो

स्कूटरच्या डाव्या बाजूच्या लांबट कव्हरखाली दोन पुल्या असतात, एक इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे क्रँकशाफ्टवर, आणि दुसरी मागच्या चाकाजवळ. प्रत्येक पुली दोन तिरप्या तबकड्यांची बनलेली असते आणि त्या तबकड्या एकमेकींच्या जवळ किंवा लांब सरकू शकतात. गाडी उभी असताना पुढच्या तबकड्या लांब असतात, त्यामुळे बेल्ट पुढे खोल बसतो आणि मागे काठावर राहतो. हा झाला पहिला गिअर. इंजिनाचे फेरे वाढले की पुढच्या पुलीतले, म्हणजे व्हेरिएटरमधले, रोलर बाहेर फेकले जातात, तबकड्या जवळ येतात, बेल्ट पुढे वर चढतो आणि मागे खोल जातो. चालकाने काहीही न करता गिअर बदलत राहतो तो असा.

ही रचना मोटारीत लोकप्रिय केली ती नेदरलँड्समधील डाफ कंपनीने, १९५८ साली. स्नोमोबाइल या बर्फावरच्या गाड्यांतही हेच तत्त्व वापरले जाते, आणि आपल्याकडे १९८४ साली आलेल्या किनेटिक होंडाने ते सर्वसामान्यांच्या अंगणात आणले. कंपनीचा बेल्ट की बाहेरचा हा वाद त्यामुळे बर्फाळ मुलखातही आहे आणि चिपळुणातही.

आपल्याकडचा फरक चढाचा आहे. सपाट शहरात बेल्टवर जोर येतो तो फक्त सिग्नल सुटताना. परशुराम घाट, कुंभार्ली, आंबा किंवा आंबोली चढताना, अथवा किनाऱ्यावरच्या वाडीतून मुख्य रस्त्याला लागताना, दोन माणसे आणि सामान घेऊन तो जोर सलग काही मिनिटे टिकतो. इंजिनाचे फेरे जास्त, गाडीचा वेग कमी आणि बेल्ट दोन तबकड्यांत आवळलेला अशी ती स्थिती असते. बेल्ट जरासा घसरला तरी घर्षणाने उष्णता होते, आणि रबराचे आयुष्य उष्णतेनेच सर्वाधिक घटते. म्हणून पुण्या-मुंबईत समाधानाने चालणारा स्वस्त बेल्ट इथे तितका काळ टिकेल असे धरून चालू नये.

पायरी पहिली : दोष बेल्टचाच आहे का ते पाहावे

गाडी ओढत नाही, एवढ्या तक्रारीवर बेल्ट बदलला जाणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि अनेकदा ती चूक ठरते. गाडी जागेवरून निघताना थरथरत असेल तर बहुधा क्लचच्या शूजची किंवा ते शूज ज्या वाटीला आतून चिकटतात त्या क्लच बेलची तक्रार असते. अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा धरूनही वेग वाढता वाढता अडखळत असेल तर रोलर एका बाजूने चपटे झालेले असू शकतात. सपाट रस्त्यावर गाडी पूर्वीइतका वेग घेत नसेल आणि इंजिनाचा आवाज मात्र वाढलेला असेल, तर बेल्टकडे पाहण्याचे कारण आहे. कारण झिजून अरुंद झालेला बेल्ट पुढच्या पुलीवर पुरेसा वर चढूच शकत नाही.

कव्हर उघडल्यावर बेल्ट हातात घेऊन उलटा न करता हलकेच वाकवावा आणि दात्यांच्या बुडाशी चिरा आहेत का ते पाहावे. कडेने दोरे सुटलेले असतील, एखादा दाता तुटलेला असेल किंवा दोन्ही बाजूच्या कडा काचेसारख्या चकाकत असतील तर बेल्ट संपला आहे. हे काहीच दिसत नसेल तर रुंदी मोजावी. व्हर्नियर कॅलिपरने बेल्टची वरची, म्हणजे सर्वांत रुंद बाजू तीन-चार ठिकाणी मोजावी आणि सर्वांत कमी आलेला आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावा. नव्या आणि संपलेल्या बेल्टच्या रुंदीतला फरक साधारण एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचाच असतो, त्यामुळे तो डोळ्यांना कळत नाही. पुरेसे अंतर झाल्यावर बेल्ट बदलावा असे मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते आणि ११० ते १२५ सीसीच्या बहुतेक स्कूटरसाठी तो आकडा २० हजार किलोमीटरच्या पुढेमागे असतो. घाटात रोज ये-जा करणाऱ्याने त्या आकड्याची वाट न पाहता निम्म्या अंतरावर एकदा कव्हर उघडून घ्यावे.

कव्हरच्या आत तेलाचा ओलसरपणा दिसला तर मात्र थांबावे. क्रँकशाफ्टचे किंवा मागच्या गिअरबॉक्सचे ऑइल सील गेले असेल तर नवा बेल्ट, तो कोणाचाही असो, थोड्याच दिवसांत घसरू लागतो. आधी सील, मग बेल्ट.

पायरी दुसरी : गाडीचे नाव नव्हे, नंबर सांगावा

दुकानात "अ‍ॅक्टिव्हाचा बेल्ट द्या" किंवा "ज्युपिटरचा द्या" असे म्हणणे पुरेसे नाही. एकाच नावाखाली कंपन्या वर्षानुवर्षे नवी मॉडेल काढतात आणि आतले सुटे भाग बदलतात. १ एप्रिल २०२० पासून गाडीच्या धुराबाबतचे भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले, तेव्हा अनेक स्कूटरची इंजिने नव्याने घडवली गेली. त्यामुळे त्याआधीची आणि नंतरची गाडी नावाने एक असली तरी बेल्टने एक असेलच असे नाही. आर. सी. बुकावरचा चासी नंबर देऊन अधिकृत सेवा केंद्राच्या पार्ट काउंटरवरून बेल्टचा पार्ट नंबर लिहून घ्यावा, किंवा जुन्या बेल्टच्या पाठीवर छापलेला नंबर पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा. बाहेरचा बेल्ट घ्यायचा असला तरी हा नंबर लागतोच, कारण चांगल्या उत्पादकांच्या पाकिटावर किंवा यादीत कोणत्या मूळ नंबराऐवजी तो चालतो हे दिलेले असते.

पायरी तिसरी : काउंटरवर मांडलेले बेल्ट ओळखावे

बाजारात बेल्ट दोन प्रकारचे नसून चार प्रकारचे असतात, आणि बहुतेक गोंधळ हा भेद न कळल्यामुळे होतो.

पहिला म्हणजे गाडीच्या कंपनीच्या पाकिटातला. गाडीची कंपनी स्वतः बेल्ट बनवत नाही. बांडो, मित्सुबोशी, गेट्स यांसारखे बेल्ट-उत्पादक तिच्या मापाने आणि तिच्या कसोटीला उतरेल असा बेल्ट बनवून देतात. त्या पाकिटावर आपण जास्तीचे जे पैसे देतो ते लांबी, रुंदी, कडांचा कोन आणि रबराची जात हे सारे आपल्याच गाडीवर तपासून ठरवलेले असते याचे.

दुसरा म्हणजे त्याच दर्जाच्या बेल्ट-उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला. हा बहुधा स्वस्त पडतो आणि नंबर बरोबर असेल तर कामात कमी नसतो. हमीचा काळ संपलेल्या गाडीला असा बेल्ट घेण्यात मला काहीही गैर वाटत नाही. जुन्या, बंद पडलेल्या मॉडेलच्या मालकाला तर अनेकदा हाच एक पर्याय उरतो.

तिसरा म्हणजे "हेवी ड्यूटी", "रेसिंग" किंवा "केव्हलर" असे ठळक लिहिलेला. अरामिड धाग्यांचे (केव्हलर हा त्यातलाच एक) दोरे घातलेला बेल्ट ताणाला आणि उष्णतेला खरोखरच जास्त टिकतो आणि मोठ्या ताकदीच्या यंत्रांत, स्नोमोबाइलमध्येसुद्धा, त्याला महत्त्व आहे. पण साधारण आठ हॉर्सपॉवरच्या स्कूटरला त्याचा फायदा मर्यादित आहे. शिवाय जास्त कडक बेल्ट लहान पुलीवर सहज वळत नाही आणि त्याचा कोन किंवा रुंदी थोडी निराळी असेल तर निघतानाच गाडी जड वाटते. नामांकित उत्पादकाचा, आपल्या नंबराचा असेल तरच त्याचा विचार करावा. नुसत्या पिवळ्या-लाल पाकिटावर भुलू नये.

चौथा म्हणजे ज्याच्यावर बनवणाऱ्याचे नावच नाही किंवा दुसऱ्याचे नाव छापले आहे तो. गॅरेजच्या भाषेत लोकल आणि डुप्लिकेट. हा कोणत्याही किमतीला महागच. सपाट रस्त्यावर बेल्ट तुटला तर गाडी ढकलत नेता येते. घाटाच्या मधल्या वळणावर, संध्याकाळी, मागे ट्रकची रांग आणि समोर पाऊस असताना तुटला तर इंजिन चालू राहते आणि गाडी मात्र पुढे जात नाही. उतारावर इंजिनाचा रोधही मिळत नाही, सारी मदार ब्रेकवर येते.

पायरी चौथी : किमतीचा हिशेब किलोमीटरने करावा

बेल्टची किंमत एकटी पाहिली तर स्वस्त बेल्ट नेहमी जिंकतो. पण कव्हर उघडण्याची, पुल्या साफ करण्याची मजुरी दोन्ही वेळा सारखीच द्यावी लागते. केवळ हिशेबापुरते समजा, कंपनीचा बेल्ट ६०० रुपयांना मिळाला आणि २० हजार किलोमीटर चालला. स्वस्त बेल्ट ३०० रुपयांना मिळाला आणि १० हजार चालला. मजुरी प्रत्येक वेळी २५० रुपये. पहिल्याचा खर्च ८५० रुपये झाला आणि दुसऱ्याचा, दोनदा बदलल्यामुळे, १,१०० रुपये. वर गाडी दोनदा गॅरेजात उभी राहिली. गाडी हमीच्या काळात असेल तर हिशेबाची गरजच नाही : बेल्ट हा झिजणारा भाग असल्याने त्यावर हमी बहुधा नसते, पण त्याच्यामुळे पुलीचे किंवा क्लचचे नुकसान झाले तर बाहेरचा भाग टाकल्याचे कारण पुढे केले जाऊ शकते. अशा वेळी कंपनीचा बेल्ट आणि पक्के बिल, दोन्ही जपावे.

पायरी पाचवी : पाकीट उघडून पाहावे

बेल्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पाकिटावरील पार्ट नंबर, एमआरपी, उत्पादनाचा महिना आणि होलोग्राम किंवा कोड असल्यास तो पाहावा. मग बेल्टच्या पाठीवरील छपाई पाहावी. खऱ्या बेल्टवरील अक्षरे एकसारख्या जाडीची आणि सरळ रेषेत असतात, नखाने खरवडल्यावर लगेच निघत नाहीत. सगळे दाते सारखे, बुडाशी गोलाई असलेले आणि रबराच्या लोंबत्या तुकड्यांविना स्वच्छ असावेत. कडेकडून पाहिल्यास दोऱ्यांची रांग एका पातळीत दिसते. ती वरखाली नागमोडी गेलेली असेल तर बेल्ट परत द्यावा. काउंटरवर बेल्ट उभा धरून सोडला की चांगला बेल्ट अंडाकृती होऊन उभा राहतो, पिळा पडलेला मात्र एका बाजूला कलतो.

किनारपट्टीवरच्या दुकानात आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे बेल्ट ठेवला कसा होता. पाकिटाबाहेर काढून दारातल्या खिळ्याला लटकवलेला, ऊन आणि खारा वारा खात असलेला बेल्ट खरा असला तरी घेऊ नये. टांगलेल्या जागी त्याला बाक येतो आणि रबर कोरडे पडते.

शक्य असेल तर जुना बेल्ट सोबत नेऊन नव्याशेजारी ठेवावा. नवा किंचित रुंद दिसणारच, पण लांबी आणि दात्यांची संख्या जुळायला हवी. लांबीने थोडासा आखूड बेल्ट मागच्या पुलीत काठाखाली बसतो, म्हणजे गाडी पहिल्या गिअरऐवजी थोडी पुढच्या गिअरमध्ये निघते, आणि चढावर तेच नेमके नको असते. लांब बेल्ट काठाबाहेर येतो आणि निघताना घसरतो.

पायरी सहावी : बसवताना शेजारी उभे राहावे

चांगला बेल्ट वाईट बसवल्यामुळे जितका लवकर जातो तितका हलक्या रबरामुळेही जात नाही, असे माझे निरीक्षण आहे. जुना बेल्ट काढल्यावर पुलीच्या तबकड्यांवरची काळी भुकटी कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसून घ्यायला सांगावे. ब्रेक क्लीनर मिळाला तर उत्तमच. तबकड्यांच्या ज्या पृष्ठभागावर बेल्ट टेकतो तिथे ग्रीस किंवा तेलाचा हात लागता कामा नये. ग्रीस लावायचेच असते, पण ते मागच्या पुलीच्या आतल्या खाचांत, मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तेवढेच. व्हेरिएटरमधले रोलर आणि सरकत्या पट्ट्या झिजल्या असतील तर त्याच वेळी बदलाव्यात, कारण मजुरी एकदाच लागते.

बेल्टच्या पाठीवर बाण असेल तर तो पुढच्या पुलीच्या फिरण्याच्या दिशेने ठेवावा. बाण नसेल तर अक्षरे सुलट वाचता येतील अशी ठेवण्याची पद्धत आहे.

आता जी गोष्ट सर्वांत जास्त वेळा बिघडते ती सांगतो. मागच्या पुलीच्या तबकड्यांना स्प्रिंग असते आणि ती बेल्टला काठावर ढकलत असते. बेल्ट मागे हाताने दाबून, तबकड्या फाकवून, आत खोल बसवला नाही तर तो पुढच्या बाजूला ताठ राहतो आणि पुढची बाहेरची तबकडी शाफ्टच्या खांद्याला टेकण्याऐवजी बेल्टवरच टेकते. नट आवळताना तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, इम्पॅक्ट गनच्या आवाजात तर काहीच कळत नाही; पण इंजिन चालू झाल्यावर बेल्ट जागा घेतो, तबकडी सैल होते आणि काही दिवसांत शाफ्टच्या खाचा खराब होतात. ती दुरुस्ती बेल्टच्या किमतीच्या अनेक पट असते. म्हणून बेल्ट मागे खोल दाबला आहे, पुढे सैल लोंबतो आहे आणि तबकडी खांद्याला भिडली आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि मगच नट आवळू द्यावा. नट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने, मॅन्युअलमधील आकड्याप्रमाणे आवळणारे गॅरेज मिळाले तर ते सोडू नये. नंतर मागची पुली हाताने काही फेरे फिरवली की बेल्ट पुन्हा काठापर्यंत येतो. तो तसा आला की कव्हर लावायला हरकत नाही. कव्हरचे गास्केट फाटलेले असेल तर तेही बदलावे. पावसाचे पाणी तिथूनच आत शिरते.

पहिले शंभर-दोनशे किलोमीटर गाडी जपून चालवावी. एकदम पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊ नये आणि पहिल्याच दिवशी तिघांनी बसून घाट चढू नये. नव्या रबराच्या कडा तबकड्यांशी जुळायला एवढा वेळ लागतो.

पायरी सातवी : पाऊस आणि खारी हवा

मागच्या पुलीच्या तबकड्या बहुधा लोखंडाच्या असतात. मुंबईकराच्या गावच्या पडवीत गाडी जूनपासून गणपतीपर्यंत उभी राहिली की त्यांच्यावर गंजाचा थर चढतो, आणि गणपतीत गाडी सुरू केल्यावर तो थर नव्या बेल्टची कड पॉलिश पेपरसारखी घासून काढतो. पावसाळ्यात गाडी वापरात नसेल तर शेजाऱ्याला सांगून आठवड्याला एकदा ती वाडीत फिरवून आणावी. जागेवर सुरू करून बंद करणे पुरत नाही, कारण तेवढ्याने क्लच लागत नाही आणि पुल्या नीट तापत नाहीत.

साचलेल्या पाण्यातून किंवा व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, जाताना पाणी पायठेवणीच्या पातळीला आले तर गाडी आत घालूच नये. बेल्टच्या कव्हरला थंड हवा घेण्यासाठी वाट असते, त्या वाटेने पाणी आत गेले की बेल्ट घसरू लागतो आणि इंजिन ओरडत राहते. असे झाल्यास जोर न देता थांबावे, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मंद अ‍ॅक्सिलरेटरवर थोडा वेळ चालू ठेवावी. कव्हरच्या खाली पाणी काढण्याची नळी असेल तर तिचे बूच उघडावे. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पूर आला तेव्हा घराघरांतल्या गाड्या चिखलात बुडाल्या होत्या. अशा गाडीचे कव्हर उघडून चिखल धुतल्याशिवाय ती सुरू करणे म्हणजे बेल्ट, क्लच आणि बेअरिंग तिन्ही गमावणे. दाभोळ-धोपावेसारख्या फेरी बोटींच्या जेट्यांवर खारे पाणी उडते, तेव्हा घरी आल्यावर गाडी गोड्या पाण्याने हलकेच धुवावी. प्रेशर गनचा झोत मात्र हवेच्या वाटेवर मारू नये. उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ याच वाटेने आत जाते, म्हणून तिथे फोमचा फिल्टर असेल तर बेल्ट तपासताना तोही झटकावा.

जादा बेल्ट जवळ ठेवावा का

स्नोमोबाइल चालवणारे लोक एक जादा बेल्ट नेहमी सोबत बाळगतात, कारण त्यांच्या यंत्रावर तो वाटेतही बदलता येतो आणि बर्फात अडकून पडणे जिवावर बेतू शकते. स्कूटरचा बेल्ट रस्त्याच्या कडेला बदलणे नवख्याच्या हातचे काम नाही. त्यासाठी पुली धरून ठेवणारे अवजार लागते. तरीही आडगावी राहणाऱ्याने एक बेल्ट घरी ठेवावा असे मी सुचवीन, कारण तालुक्याच्या गावी गॅरेज असते पण आपल्या नंबराचा बेल्ट असतोच असे नाही, आणि तेव्हा घाईघाईत चौथ्या प्रकारचा बेल्ट गळ्यात पडतो. तो बेल्ट पाकिटातच, सैल वेटोळे करून, उंदीर पोहोचणार नाहीत अशा डब्यात ठेवावा. डिकीत ठेवू नये, कारण तिथे इंजिनाची उष्णता लागते. काढलेला जुना बेल्ट रुंदीच्या मर्यादेत असेल तर त्याच्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून तोही त्याच डब्यात ठेवावा, म्हणजे नवा मिळेपर्यंत चार दिवस निभावतात.